टेस्टमध्ये चढावर गाडी बंद पडते, क्लच नेमका कुठं धरायचा?

शिकाऊ_सातारा

नमस्कार मंडळी. कारच्या पक्क्या लायसन्सची टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे, सातारा आरटीओला. गाडी ड्रायव्हिंग स्कूलचीच असणार. जुनी पेट्रोल हॅचबॅक, वरून सीएनजी किट. सपाटीला सुरळीत निघते. अडतंय ते असं:

चढावर हँडब्रेक सोडला की दहातल्या चार वेळा इंजिन बंद पडतं आणि दोनदा तरी गाडी हातभर मागं येते. ‘क्लच अर्धा सोडा’ असं सगळेच सांगतात, पण अर्धा म्हणजे किती ते कुणी सांगत नाही. दुसरं, आठाचा आकडा काढताना क्लच पूर्ण सोडायचा की दाबत-सोडत गाडी सरकवायची? तिसरं, थांबताना स्कूलमध्ये क्लच-ब्रेक एकदम दाबायला शिकवतात, घरचे म्हणतात आधी ब्रेक. टेस्टला यातलं काय धरतात?

घाटरस्ता

‘अर्धा क्लच’ या शब्दानंच निम्मा घोटाळा केलाय. पेडल अर्ध्यावर आलं म्हणजे क्लच अर्धा झाला, असं नसतं. पूर्ण दाबलेलं पेडल वर येताना आधी बराच भाग मोकळा जातो, त्यात काहीच घडत नाही. मग एक जागा येते जिथं क्लच प्लेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या चाकाला, घासायला लागते. ही पकडीची जागा. कुठल्या गाडीत ती खाली असते, कुठल्या गाडीत पार वर. तिथून पुढं साधारण अंगठ्याच्या पेराएवढ्या अंतरात सगळा खेळ होतो, आणि त्याच्या वर पेडल पुन्हा मोकळं. हळू सोडायचा तो फक्त मधला पेरभर भाग. खालचा मोकळा भाग सोडायला वेळ घालवायचं कारण नाही. सगळाच क्लच मुंगीच्या पावलानं सोडत बसलात तर मागचा हॉर्न वाजवणार.

आता ती जागा सापडवा. सपाटीला हँडब्रेक पूर्ण ओढा, पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका आणि क्लच केसाकेसानं वर आणा. आधी आवाज बदलतो. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, इंजिन ८०० आरपीएमच्या आसपास फिरत असतं, आवाज हलका असतो. प्लेट धरायला लागली की तोच आवाज जड होतो, दबका होतो. आरपीएमचा काटा थोडा खाली झुकतो. गिअरचा दांडा थरथरतो. पुढच्या चाकांना ताकद जाणारी गाडी असेल (बहुतेक हॅचबॅक तशाच) तर बॉनेट किंचित उचलतं, कारण पुढची चाकं ओढायला बघतात आणि मागची हँडब्रेकनं जखडलेली असतात. होल्डरमध्ये अर्धी भरलेली पाण्याची बाटली ठेवली तर पाण्यावर बारीक लहरी उठताना दिसतात. तिथं पाय थांबवा, दोन सेकंद धरा, क्लच परत दाबा. एवढंच पुन्हा पुन्हा करा. पाय ती जागा लक्षात ठेवतो, डोक्याला त्रास द्यायची गरज नाही. मात्र ओळीनं फार वेळ करू नका, प्लेट तापते.

बंद पडण्याचं खरं कारण पुढं आहे. पकड आली, गाडी हलली, की शिकणाऱ्याचा पाय आनंदानं सुटतो. आयडलवर इंजिनाकडं ताकद बेताचीच असते. बोजा आला हे ओळखून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) हवा-इंधन वाढवतो, पण त्याला क्षणभर लागतो. तेवढा क्षण पाय जागेवर राहिला तर इंजिन सावरतं, नाहीतर एक झटका आणि बंद. म्हणून चाक फिरायला लागल्यावर मनातल्या मनात ‘एक, दोन’ म्हणा, मगच उरलेला क्लच सोडा.

चढावर यात फक्त दोन गोष्टींची भर पडते. हँडब्रेक ओढलेला असतानाच ॲक्सिलरेटर हलका देऊन इंजिन १,२०० ते १,५०० वर स्थिर धरा. मग क्लच पकडीवर आणा. गाडीची मागची बाजू जराशी बसल्यासारखी वाटेल, नाक वर येईल. ते दिसल्याशिवाय हँडब्रेकला हात लावायचा नाही. दिसलं की बटन दाबून तो पूर्ण खाली सोडा. गाडी जागेवर टिकली किंवा पुढं सरकली तर झालं, आता ॲक्सिलरेटर थोडा वाढवत क्लच सोडत जा.

तुमचे दोन्ही दोष यातच बसतात. हातभर मागं येते, म्हणजे पकड यायच्या आधी हँडब्रेक सुटतोय. बंद पडते, म्हणजे ॲक्सिलरेटर कमी आहे किंवा हँडब्रेक सोडताना डावा पायही सोबत उचलला जातोय. हात हलला की पाय हलतो, हे फार जणांचं होतं. आणि एक महत्त्वाचं: गाडी मागं यायला लागली तर घाबरून क्लच दाबू नका. क्लच दाबला की उरलीसुरली ओढही जाते आणि गाडी जास्त जोरात मागं येते. आधी ब्रेक.

सरावाला समर्थ मंदिराकडून बोगद्याकडं जाणारा चढ सकाळी सहाच्या सुमाराला ठीक, तोवर वर्दळ कमी असते. यवतेश्वर घाटात चढावर थांबून सुटायचा सराव अजिबात नको. वळणावर मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. आणि शेजारी पक्कं लायसन्सवालं माणूस व पुढं-मागं ‘एल’ पाटी हवीच.

नियमवाला

टेस्टला काय धरतात याचं उत्तर कागदावर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १५ मध्ये उमेदवाराला काय काय जमलं पाहिजे याची यादी दिलीय. चढाबद्दल त्यात असं आहे की तीव्र चढावर गाडी थांबवून पुन्हा काढता आली पाहिजे, हँडब्रेक वापरून किंवा ॲक्सिलरेटर आणि पायाचा ब्रेक वापरून, पण मागं न घसरता. म्हणजे हँडब्रेकच वापरला पाहिजे अशी सक्ती नाही. मागं येणं मात्र चालत नाही.

त्याच यादीत गाडी सुरक्षित आणि सुरळीत हलवून वरच्या गिअरपर्यंत नेणं, उतारावर चटकन खालच्या गिअरला येणं आणि मर्यादित जागेत ताब्यात ठेवून रिव्हर्स घेणं हेही आहे. तिन्ही कामं शेवटी क्लचवरच येतात. परीक्षक वाकून पायाकडं बघत नाहीत. त्यांना गाडीचा झटका कळतो, गिअरची करकर ऐकू येते आणि मागं आलेली गाडी दिसते.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा जाता येतं. तीनदा नापास झाल्यावर मात्र शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिन्यांचं असतं, त्या हिशेबानं तारखा बघा.

मिरज_गॅरेज

पायाचं बोलून झालं, आता गाडीचं. स्कूलच्या गाडीचा क्लच दिवसभर शिकाऊ पायांखाली असतो, त्यामुळं तो लवकर झिजतो आणि दोष शिकणाऱ्याच्या माथी येतो.

बसल्या बसल्या दोन गोष्टी बघा. हातानं पेडल हलकं दाबलं तर जोर लागायच्या आधी थोडी ढिलाई असते, केबलच्या क्लचमध्ये ती असायलाच हवी. अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम टेकून राहतं आणि प्लेट पुरती दाबली जात नाही, क्लच घसरतो. ढिलाई जास्त असेल तर उलट होतं: पेडल तळाला टेकलं तरी क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला आणि रिव्हर्स टाकताना करकर होते, गिअरमध्ये क्लच दाबून उभी असलेली गाडी पुढं ओढते. केबल ॲडजस्ट करणं दहा मिनिटांचं काम आहे, स्कूलवाल्याला सांगा.

दुसरं, पकड पार वर येत असेल, म्हणजे पाय जवळपास उचलल्यावर गाडी हलत असेल, तर बहुधा प्लेटचं लायनिंग, म्हणजे घासणारा थर, संपत आलंय. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागेत, पुढं कुणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून आणि ब्रेकवर पाय ठेवून तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश पूर्ण सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक आहे. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर असलेलं लायनिंगही जाईल. चढावर ॲक्सिलरेटर दिला की आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, हीसुद्धा तीच खूण.

सीएनजीवर इंजिनाची ताकद पेट्रोलपेक्षा थोडी कमी पडते. चढावर हा फरक पायाला जाणवतो. टेस्टच्या वेळी स्विच पेट्रोलवर ठेवायला सांगा आणि शेवटचे दोन दिवस सरावही पेट्रोलवरच करा, नाहीतर अंदाज चुकतो. एसी बंद ठेवा. लहान इंजिनात कॉम्प्रेसर मध्येच लागला की नेमक्या पकडीच्या क्षणी इंजिन दबतं.

जळका वास आला, कागद जाळल्यासारखा उग्र, तर सराव तिथंच थांबवा. १०-१५ मिनिटं गाडी सपाटीला उभी करा. तापलेली प्लेट नीट पकडत नाही, मग माणूस ॲक्सिलरेटर वाढवतो आणि ती आणखी तापते.

वळणदार_सांगली

आठाबद्दल कुणी बोललं नाही. आठ हाफ क्लचवरच काढायचा. आमच्या सांगलीत सगळं सपाट, तिथं पोरं पहिल्या गिअरला क्लच पूर्ण सोडतात आणि वळणात गाडी पळते, मग स्टेअरिंग फिरवायला हात पुरत नाहीत. डावा पाय पकडीवर ठेवला की वेग मुठीत राहतो.

घाटरस्ता

वळणदार, अर्धं पटलं. पेट्रोल हॅचबॅक पहिल्या गिअरला, ॲक्सिलरेटर न देता, क्लच पूर्ण सोडून चालवली तर जोरात चालणाऱ्या माणसाच्या बरोबरीनं जाते. बहुतेक आठांना तो वेग चालतो. उलट सगळा आठ पकडीवर काढायचा म्हटलं तर पाय थकतो, थकला की थरथरतो आणि गाडी हिसके देते. इंजिन पूर्ण जोडलेलं असलं की वेग आपोआप एकसारखा राहतो, डोकं स्टेअरिंगला मोकळं राहतं.

जिथं वळण खरंच आवळ आहे तिथं वळणात शिरायच्या आधी क्लच पकडीपर्यंत दाबा, वेग उतरला की परत सोडा. डिझेल गाडी असेल तर तुमचं म्हणणं जास्त लागू पडतं, तिची आयडलची ओढ दांडगी असते. पण क्लच पूर्ण दाबून वळणात घरंगळायचं नाही, हे दोघांच्याही म्हणण्यात येतं ना? तिथं गाडीला ओढ नसते, वेग मेला की बंद पडायची भीती, आणि मग पाय घाईनं सुटतो.

रिव्हर्सला मात्र हाफ क्लच शंभर टक्के. ॲक्सिलरेटर नको, फक्त पकड. आणि रिव्हर्स टाकायच्या आधी गाडी पूर्ण थांबलेली हवी, कारण बऱ्याच गाड्यांत त्या गिअरला सिंक्रो (दातांचे वेग जुळवणारा भाग) नसतो. थांबूनही दात अडले तर जोर लावू नका. न्यूट्रलला आणा, क्लच सोडा, परत दाबा, मग टाका. अलगद बसतो.

थांबण्याचा प्रश्न राहिला. स्कूलमध्ये ‘दोन्ही दाबा’ शिकवतात, कारण मैदानात तुम्ही कायम पहिल्या गिअरला असता. तिथं वेगच नसतो, क्लच उशिरा दाबला तर गाडी बंद पडते. पण रस्त्यावर ४० च्या वेगानं तिसऱ्यात असताना आधी क्लच दाबला तर इंजिन चाकांपासून सुटतं, त्याचा रोखून धरणारा रेटा जातो आणि गाडी मोकळी धावते. तिथं आधी ब्रेक, वेग उतरू द्या, इंजिन गुरगुरायला लागायच्या जरा आधी क्लच. अचानक थांबायची वेळ आली तर दोन्ही पूर्ण, विचार न करता. उताराला क्लच दाबून उतरणं हा तर सरळ गुन्हा समजा. पसरणी घाट उतरताना वाटेत ब्रेकचा वास येणाऱ्या गाड्यांमध्ये अशाच पायांचा वाटा असतो.

शिकाऊ_सातारा

खूप आभार सगळ्यांचे. एक शंका: गाडीत सरांकडंही क्लच आणि ब्रेक आहे. सपाटीला माझी गाडी कधीच बंद पडत नाही, मग चढावरच का, असा विचार करतेय. सर मदत करत असतील का? आणि उंची कमी असल्यानं क्लच पूर्ण दाबताना टाच उचलली जाते, हे चुकीचं आहे का?

घाटरस्ता

ताई, शंका रास्त आहे. स्कूलच्या गाडीला दुहेरी कंट्रोल नियमानंच लागतात. बहुतेक जोडणीत त्यांनी पेडल दाबलं की तुमचंही आपोआप खाली जातं. क्लच सोडताना तो मध्येच हलका झाला, तळव्याखालून खाली गेल्यासारखा वाटला, तर तो पाय तुमचा नाही. सवयीनं करतात बिचारे, शिकाऊ पाय सुटायच्या आधी त्यांचा पाय जातो. पण तुमचा अंदाज खोटा ठरतो. सरांना सरळ म्हणा, ‘सर, आज मैदानात दोन्ही पाय पेडलवरून बाजूला घ्या, बंद पडली तर पडू दे.’ वीस वेळा निघून बघा. किती वेळा बंद पडते तोच खरा हिशेब. रस्त्यावर मात्र त्यांचा पाय तयार असू दे.

टाचेचं असं: पूर्ण दाबताना उचलली तरी हरकत नाही. पण पकडीच्या पेरभर भागात टाच जमिनीला टेकलेली हवी. टाच हवेत असेल तर सगळ्या पायाचं वजन मांडीवर पेलावं लागतं आणि मांडीला बारीक हालचाल जमत नाही. टाच टेकली की काम घोट्यातून होतं. पूर्ण दाबा, वर येताना टाच टेकवा, मग पकड शोधा. सीट इतकी पुढं घ्या की क्लच तळाला टेकल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील आणि पाठ सीटवरून सुटणार नाही. पाठ सुटत असेल तर मागं उशी लावा. टेस्टला गाडीत बसल्यावर सीट लावायला अर्धा मिनिट घेतला तर कुणी रागावत नाही.

गाडी चालू लागली की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला टेकवा. नुसता ठेवलेला पायही बेअरिंगवर दाब देतो, आणि पुढच्या गिअरला पाय कुठून सुरू होतो याचा अंदाज जातो.

बुलेट_कराड

गिअरच्या दुचाकीचा आठ असेल तर यातलं काय लागू?

घाटरस्ता

पाय जमिनीला न टेकवता सावकाश जायचंय, म्हणजे तिथं हाफ क्लच लागतोच. पहिला गिअर, ॲक्सिलरेटर थोडा आणि एकसारखा, क्लच पकडीवर, आणि वेग कमी करायला फक्त मागचा ब्रेक. वळणात पुढचा ब्रेक दाबला तर हँडल खचतं आणि पाय खाली येतो. ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत बसू नका, वेग क्लच आणि मागच्या ब्रेकनं सांभाळा. क्लचला सगळी मूठ नको, दोन बोटं पुरतात. नजर पुढच्या चाकावर नाही, आठाच्या पुढच्या वळणावर. दुचाकीत बहुधा ओल्या प्लेटचा, म्हणजे तेलात बुडालेला, क्लच असतो, थोडा वेळ पकडीवर ठेवल्यानं काही होत नाही.

शिकाऊ_सातारा

आज मैदानात सरांचे पाय बाजूला घ्यायला लावले. वीसपैकी सात वेळा बंद पडली! म्हणजे सपाटीलासुद्धा येत नव्हतंच. अजून पाच दिवस आहेत. टेस्टमध्ये बंद पडलीच तर काय करायचं?

नियमवाला

ब्रेक दाबा, क्लच दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, मग चावी. याच क्रमानं, आणि न्यूट्रल झालाय का ते दांडा डावी-उजवीकडं हलवून बघा. गिअरमध्ये असताना क्लच न दाबता चावी फिरवली तर गाडी उडी मारते आणि ती उडी बंद पडण्यापेक्षा महागात जाते.

मिरज_गॅरेज

ताई, सात वेळा म्हटल्यावर एक गोष्ट आधी बघा. ड्रायव्हरच्या पायाखाली हूक नसलेली रबरी मॅट आहे का? ती घसरत पेडलच्या मागं जाते आणि क्लचचा शेवटचा अर्धा इंच दबत नाही. गिअर करकरतो, तो घालवायला माणूस पेडलवर जोर करतो, आणि जोरानं दाबलेला पाय जोरानंच सुटतो. उद्या मॅट काढून डिकीत टाका आणि परत वीस मोजा.